रानफुलांचे जलरंगी दप्तर

भाद्रपद लागला की सह्याद्रीच्या माथ्यावरचे सडे रंगू लागतात. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर जांभ्या दगडावरील चार बोटे मातीत गेंद, तेरडा, कवला, सीतेची आसवे, सोनकी अशी फुले आळीपाळीने उमलतात आणि दिवाळीच्या सुमारास गवत पिवळे पडू लागले की हा सारा बहर ओसरतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. त्या यादीत कासचे पठारही आहे. तेव्हापासून तेथे जाणाऱ्यांची रीघ वाढली आणि जाणारा जवळजवळ प्रत्येक जण भ्रमणध्वनीत शेकडो छायाचित्रे घेऊन परततो. अशा काळात एखाद्याने एका फुलझाडासमोर मांडी घालून बसावे, कर्कटकाने पाकळ्यांची मापे घ्यावीत आणि चार-सहा दिवस खपून जलरंगात त्याचे एकच चित्र पुरे करावे, याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. हौस म्हणून ठीक आहे. पण शास्त्राला त्याचा उपयोग आहे काय?

उपयोग आहे, आणि तो छायाचित्राने भागणारा नाही. ही गोष्ट नीट समजून घेण्यासाठी प्रथम फुलांचे चित्र आणि वनस्पतिचित्र यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. फुलदाणीतील शेवंतीचे चित्र काढणारा चित्रकार आपल्या मनावर उमटलेला ठसा कागदावर उतरवतो. एखादी पाकळी कमी-अधिक झाली तरी त्याचे चित्र बिघडत नाही. वनस्पतिचित्राचे तसे नाही. ते साक्षीदाराच्या जबानीसारखे असते. पाने एकाआड एक आहेत की समोरासमोर, देठाशी उपपर्णे आहेत की नाहीत, पुंकेसर किती, अंडाशय दलपुंजाच्या वर की खाली, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यात असावे लागते आणि ते खरे असावे लागते. चित्र पाहून दुसऱ्या प्रांतातील वनस्पतिशास्त्रज्ञाला ती वनस्पती बिनचूक ओळखता आली, तर चित्र साधले. ते देखणेही झाले, तर फारच उत्तम.

प्रस्तुत लेखकाने एका प्रदर्शनात कळलावीचे एक मोठे चित्र पाहिले होते. रंग असे की जणू कागदाला आग लागली आहे. लोक पुढे थांबून वाहवा करीत होते. मोजून पाहिले तर पाकळ्या पाच! कळलावीला सहा पाकळ्या आणि सहाच पुंकेसर असतात; पाच पाकळ्यांची कळलावी हे फूल चित्रकाराच्या मनात उमलले होते, रानात नव्हे.

छायाचित्राला न दिसणारे

कॅमेरा समोर जे असेल ते टिपतो. पण जे एका वेळी समोर नसते ते त्याला टिपता येत नाही. कळी, उमललेले फूल, कोवळी शेंग आणि तडकलेले फळ ही एकाच डहाळीवर एकाच दिवशी क्वचितच भेटतात. चित्रकार त्याच झाडाकडे जूनमध्ये, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये जातो आणि तिन्ही भेटींचे सार एका कागदावर मांडतो. अळीने कुरतडलेले पान तो गाळतो, धूळ गाळतो, मागचे गवत गाळतो. जवळचे केसर आणि दूरचे पान दोन्ही तो सारख्याच स्पष्टतेने दाखवतो; भिंगाच्या डोळ्याला हे सहसा जमत नाही.

सीतेच्या आसवांचेच उदाहरण घ्या. सड्यावरील ओल्या जागी वीतभरही नसलेल्या काड्यांवर जांभळी-निळी फुले हजारोंनी डोलतात आणि पाहणाऱ्याला वाटते की वनस्पती ती एवढीच. खरी कथा मातीखाली आहे. तेथे केसांएवढ्या तंतूंवर टाचणीच्या टोकाहूनही बारीक फुगे असतात. प्रत्येक फुग्याला आत उघडणारे झाकण असते. पाण्यातील सूक्ष्म जीवाने झाकणापाशी असलेल्या केसाला धक्का दिला की झाकण उघडते, पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो आणि झाकण मिटते. नत्र अगदी कमी असलेल्या जांभ्याच्या मातीत ही वनस्पती आपली गरज अशी भागवते. सड्यावरच्या छायाचित्रात हे फुगे येणार नाहीत. चित्रकार मात्र वर फूल, खाली तंतू आणि बाजूला वीसपट मोठा करून काढलेला एक फुगा, असे तिन्ही एका पानावर बसवू शकतो.

कंदीलपुष्प या वेलीचे फूलही असेच. बाहेरून ते लहानशा कंदिलासारखे दिसते. पण ते उभे चिरून पाहिले की नळीच्या आतल्या बाजूस खाली वळलेले केस दिसतात. वासाने आलेली चिलटे त्या केसांवरून आत उतरतात आणि परत फिरू शकत नाहीत. पुढे केस सुकून गळले की परागांचे गोळे अंगावर घेऊन त्यांची सुटका होते. हा उभा छेद चित्रात नसेल तर त्या फुलाचे मर्मच हरवले म्हणायचे. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती महाराष्ट्रातच आढळतात आणि काही तर मोजक्या डोंगरांपुरत्याच उरल्या आहेत, म्हणून त्यांच्या बिनचूक नोंदीचे मोल अधिक.

वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने हे वनस्पतिशास्त्राचे मूळ दप्तर होय आणि त्याला पर्याय नाही. त्यातून पेशींचा अभ्यास होतो, आता तर जनुकांचाही होतो. पण वाळवणीत फुलाचे दोन गुण जातात : एक रंग आणि दुसरा घाट. निळे फूल तपकिरी पडते आणि नळीसारखे फूल चपटे होते. जे नमुन्यात टिकत नाही ते चित्र राखते. म्हणून नमुना आणि चित्र ही एकमेकांची पूरक कागदपत्रे मानावीत.

दापुरीची बाग

आपल्याकडील या कलेची एक मोठी ठेव पुण्याच्या वेशीवर तयार झाली, हे पुष्कळ पुणेकरांनाही माहीत नसते. पुणे-मुंबई रस्त्यावर, मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाजवळ दापोडी आहे. (रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीशी हिची गल्लत करू नये.) इंग्रजी कागदपत्रांत या गावाचा उल्लेख दापुरी असा येतो. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ साली, येथे सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. बाहेरदेशीच्या उपयुक्त वनस्पती येथे रुजतात का ते पाहावे, चांगल्या जातींची रोपे प्रांतात वाटावीत आणि लष्करी इस्पितळांना लागणारी औषधे इकडेच पिकवावीत, असे त्यामागील हेतू होते.

१८३०च्या दशकाच्या अखेरीस या बागेची व्यवस्था अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरांकडे आली. ते कंपनी सरकारचे वैद्यकीय अधिकारी. मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या होत्या आणि देवी टोचण्याच्या कामानिमित्त त्यांची गावोगाव फिरती झालेली होती. जुन्नरकडील हिवरे येथेही त्यांच्या देखरेखीखाली औषधी वनस्पतींची लागवड होई. सोनामुखी, खुरासनी ओवा अशा वनस्पतींपासून केलेली औषधे सरकारी भांडाराला पुरवली जात. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले आणि १८६०पर्यंत त्या पदावर राहिले. डोंगर उघडे पडले की ओढे आणि झरे आटतात, ही गोष्ट सरकारच्या कानी घालणाऱ्या आरंभीच्या अधिकाऱ्यांत त्यांची गणना होते. निकोल डॅलझेल यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १८६१ साली प्रसिद्ध झाला.

याच गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात दापुरीस एका चित्रकाराकडून वनस्पतींची जलरंगातील चित्रे काढून घेतली. त्यांतील १७२ चित्रे आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. बागेत आणून लावलेली परदेशी फुलझाडे त्यांत आहेत, तशीच इकडच्या डोंगरांतील रानफुलेही आहेत. दीडशे वर्षे ती कपाटात राहिली. त्या उद्यानातील वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी त्यांचा अभ्यास करून २००२ साली त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा दापुरीचे हे काम वाचकांपुढे आले.

बाग मात्र उरली नाही. १८६५मध्ये दापुरीचे उद्यान बंद झाले. गव्हर्नरांचे निवासस्थान गणेशखिंडीत गेले. (आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ती हीच.) १८७३मध्ये गणेशखिंडीत नवे उद्यान उभे राहिले. त्या गणेशखिंड उद्यानाला २०२०मध्ये महाराष्ट्र शासनाने जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा दिला, ही समाधानाची बाब आहे. दापुरीच्या वाफ्यांतील वनस्पती पाहावयाच्या तर आज त्या चित्रांकडेच वळावे लागते.

या चित्रांचा कर्ता कोण? कागदपत्रांत त्याचा उल्लेख एक पोर्तुगीज-भारतीय चित्रकार एवढाच येतो. नाव नाही. गिब्सन यांचे नाव ग्रंथावर आहे, गव्हर्नरांचे नाव बागेच्या इतिहासात आहे. ज्याने प्रत्येक पाकळी डोळ्यांखाली घातली तो गोव्याचा होता की वसई-साष्टीचा, एवढेही त्या उल्लेखावरून सांगता येत नाही.

मागील परंपरा

फुलांकडे बारकाईने पाहण्याची दृष्टी आपल्याकडे साहेबाबरोबर आली असे नव्हे. जहांगीर बादशहाच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूर यांनी काश्मीरच्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, असे बादशहानेच आपल्या आठवणींत नोंदले आहे. कंपनी सरकारच्या काळात लघुचित्रे रंगवणाऱ्या घराण्यांतील हात या नव्या कामाकडे वळले. विल्यम रॉक्सबर्ग यांनी कोलकात्याच्या उद्यानात अडीच हजारांहून अधिक वनस्पतिचित्रे अशाच भारतीय चित्रकारांकडून करवून घेतली. त्यांचा एक संच कोलकात्यास आणि दुसरा लंडनजवळील क्यू उद्यानात आहे. या चित्रकारांपैकीही फार थोड्यांची नावे उरली. त्याला सुखद अपवाद दक्षिणेतील रंगय्या आणि गोविंदू या दोघांचा. रॉबर्ट वाइट यांच्यासाठी काम करणाऱ्या या चित्रकारांची नावे छापील चित्रांवर आहेत. इतकेच नव्हे, तर वाइट यांनी आमराच्या कुळातील एका प्रजातीला गोविंदूंचे नाव दिले. पुढे ते शास्त्रीय नाव प्रचारात राहिले नाही, पण त्यामागील कृतज्ञता राहिली.

आणखी मागे गेले तर मराठी आणि कोकणी वाचकाला जवळचा वाटावा असा एक ग्रंथ भेटतो. कोचीनचे डच अधिकारी हेंड्रिक व्हान रीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेला ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या कामी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांबरोबरच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी ब्राह्मणांचे साहाय्य झाले. त्यांचे कोकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे आणि चित्रांच्या पानांवर वनस्पतींची नावे नागरीतही कोरलेली आहेत. त्यातील चित्रे ताम्रपटांवरून छापलेली, रंगाविना आहेत. तरीही लिनियस यांनी भारतीय वनस्पतींना नावे देताना त्यांचाच आधार घेतला आणि अनेक नावांच्या बाबतीत आजही ते चित्र हेच त्या नावाचे प्ररूप, म्हणजे शेवटचा पुरावा, मानले जाते. १ जानेवारी २००७ पासून मात्र नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नव्या फुलझाडाला नाव देताना प्रत्यक्ष नमुनाच प्ररूप म्हणून ठेवावा लागतो. नियम योग्यच आहे. पण जुन्या नावांचा वाद उपस्थित झाला की अभ्यासकाला अजूनही त्या जुन्या चित्रांपाशीच जावे लागते.

कळलावीचे चित्र कसे होते

प्रत्यक्ष काम कसे चालते ते कळलावीच्याच आधाराने पाहू. पावसाळ्यात कुंपणांवर आणि रानाच्या कडेला ही वेल चढते. हिचा कंद विषारी असतो, तेव्हा तो हाताळल्यावर हात धुवावेत हे प्रथमच सांगून ठेवतो.

पहिला दिवस केवळ पाहण्यात जातो. वेल आधाराला कशी धरते? पानाचे टोकच लांबून वेटाळ्यासारखे वळते आणि फांदीला विळखा घालते. निराळा ताणा नसतो. फूल कोणत्या बाजूला तोंड करते? ते खाली मान घालते आणि पाकळ्या मात्र उलट वळून वर जातात, म्हणून ज्वाळांचा भास होतो. पुंकेसर चोहोंकडे आडवे पसरतात. स्त्रीकेसराची दांडी अंडाशयापासून एकदम काटकोनात बाजूला वळते. घाईने पाहणाऱ्याच्या हातून हा काटकोन हमखास निसटतो.

मग मापे. कर्कटकाचे एक टोक पाकळीच्या बुडाशी, दुसरे टोकाशी ठेवून ते अंतर जसेच्या तसे कागदावर न्यायचे. शक्य तेथे चित्र मूळ आकाराचेच काढावे. लहान भाग मोठे करून काढले तर किती पट ते लिहावे. पेन्सिलीचा आराखडा साध्या कागदावर तयार होतो आणि तो जाणकाराला दाखवून, चुका सुधारून मगच चांगल्या कागदावर उतरवला जातो. ही पायरी टाळणाऱ्यांना पुढे पश्चात्ताप होतो, कारण जलरंग खोडता येत नाही.

रंगवताना फूल आधी आणि पाने नंतर. तोडलेले फूल दोन-तीन तासांत मलूल होते, पाने पाण्यात ठेवली तर दोन-तीन दिवस तग धरतात. कळलावीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. उमलताना तिच्या पाकळ्या हिरवट असतात, मग बुडाशी पिवळ्या आणि टोकाशी लाल होतात आणि शेवटी सबंध फूल लालभडक होते. एकाच फुलाचे हे तीन वेष. त्यांपैकी कोणता खरा? तिन्ही खरे. म्हणून चित्रकार एकाच फांदीवर तीन वयांची फुले मांडतो आणि प्रत्येकाच्या रंगाचे लहान ठिपके पहिल्याच दिवशी बाजूच्या कागदावर नोंदून ठेवतो. दुसऱ्या दिवशी फूल बदललेले असले तरी ठिपके साक्ष देतात.

शेवटी एक फूल उभे चिरून अंडाशयातील कप्पे, एक सुटा पुंकेसर, फळ आणि बी ही पानाच्या तळाशी ओळीने येतात. कंद नांगराच्या आकाराचा असतो आणि लांगली हे वेलीचे संस्कृत नाव त्याला शोभते. पण कंद दाखवण्यासाठी रानातील वेल उपटू नये. बागेत लावलेली मिळाली तर तिचा काढावा.

कागद, कुंचला आणि रंग

या कामाला कापसाच्या लगद्याचा, गुळगुळीत पृष्ठाचा जाड कागद लागतो. बाजारात तो हॉट प्रेस्ड या नावाने मिळतो. खरखरीत कागदावर निसर्गदृश्य उठून दिसते, पण पुंकेसराची बारीक कड फाटते. जुने चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले स्वतः बांधीत. आज सेबलच्या किंवा कृत्रिम केसांच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या आणि टोक न सोडणाऱ्या कुंचल्यांवर काम होते. एक मध्यम आणि एक बारीक असे दोन चांगले कुंचले डझनभर सुमार कुंचल्यांपेक्षा बरे.

जलरंग म्हणजे डिंकाच्या पाण्यात खललेली रंगद्रव्ये. पूर्वी नीळ, हिंगूळ, गेरू, लाख, काजळ यांच्याबरोबर हरताळ आणि जंगालही वापरात होते. पैकी हरताळात सोमल असतो आणि तांब्यापासून केलेला हिरवा जंगाल काळाच्या ओघात कागदच खातो. जुन्या चित्रांत नेमके हिरव्या पानांच्या जागी कागद करपल्यासारखा दिसतो तो यामुळे. आपल्या लघुचित्रकारांना दाट, अपारदर्शक रंग लावण्याची सवय होती, तर युरोपीय पद्धत पातळ, पारदर्शक थरांची होती. कंपनीच्या काळातील चित्रांत या दोन्ही रीती एकाच पानावर भेटतात. जाड, चिवट पानांना दाट रंगाने जे वजन येते, ते प्रस्तुत लेखकाच्या मते निव्वळ पारदर्शक रंगांनी क्वचितच येते. जाणकारांत याविषयी मतभेद आहेत.

पारदर्शक पद्धतीत उजेड कागदाचा असतो. पहिला थर अगदी फिका, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. पानाची चकाकी पांढऱ्या रंगाने दाखवत नाहीत, तेवढी जागा कोरीच सोडतात. शिरादेखील वरून ओढायच्या नसतात. त्यांच्या दोन्ही बाजू गडद करीत त्या उरू द्यायच्या असतात. तयार हिरवा रंग सहसा टाळावा. निळा आणि पिवळा यांच्या मिश्रणात किंचित लाल घातला की कोवळ्या पानापासून जून पानापर्यंतच्या छटा मिळतात आणि त्या रानातल्या वाटतात, डबीतल्या नव्हेत.

सर्वांत कठीण पांढरे फूल. पावसाच्या पहिल्या सरींनंतर येणारी मुसळी किंवा कुड्याचा गुच्छ पांढऱ्या कागदावर काढावा कसा? पाकळीच्या वळणावर पडणारी अतिशय पुसट सावली, कोठे हिरवट, कोठे जांभळट, एवढ्यावरच सारा भार असतो. मागे एखादे गडद पान येईल अशी मांडणी केली की काम निम्मे सोपे होते.

रंग टिकावा याचीही काळजी हवी. काही किरमिजी आणि झगझगीत गुलाबी रंग उजेडात काही वर्षांत उडतात. मग शंभर वर्षांनी चित्र पाहणाऱ्याला तेरडा पांढरा होता असे वाटेल. परीक्षा सोपी आहे : रंगाची पट्टी काढावी, अर्धी काळ्या कागदाने झाकावी आणि खिडकीत उन्हाला ठेवावी. दोन-तीन महिन्यांत दोन्ही अर्ध्यांत फरक पडला तर तो रंग या कामातून बाद. शिवाय आपल्या दमट हवेत, विशेषतः कोकणात, बुरशी आणि कसर हे कागदाचे शत्रू आहेत. पूर्ण झालेले चित्र आम्लरहित कागदात गुंडाळून, कोरड्या जागी, सपाट ठेवावे.

काढण्यासारखे पुष्कळ आहे

दापुरीच्या काळात काढल्या गेलेल्यांपेक्षा न काढल्या गेलेल्या वनस्पती महाराष्ट्रात कितीतरी अधिक आहेत. शिंदळ माकुडीचे नाव येथे घ्यावेसे वाटते. कड्यांच्या कपारीत उगवणारी, मांसल पानांची, जांभळट तपकिरी चांदणीसारख्या फुलांवर पिवळी नक्षी मिरवणारी ही वनस्पती महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या आढळत नाही. डॅलझेल यांनी तिचे वर्णन केले आणि त्यावेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचे नाव तिच्या प्रजातीला दिले. शिवनेरीच्या परिसरातील कडे हे तिचे एक जुने ठिकाण. आज ती संकटग्रस्त मानली जाते. खडकांच्या खाणी, वणवे, पठारांवर वाढलेली चराई आणि बांधकामे यांमुळे अशा कोपऱ्यातल्या वनस्पती आधी जातात आणि त्या गेल्याचे ध्यानात यायलाही वेळ लागतो.

महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी प्रात्यक्षिकाच्या वहीत वर्षानुवर्षे आकृत्या काढतात; पण त्या बहुधा पुस्तकातील आकृतीवरून उतरवलेल्या असतात, टेबलावरील फुलावरून नव्हे. दुसरीकडे कलाशाळांतील विद्यार्थ्यांच्या हाती कौशल्य असते, पण पुंकेसर मोजण्याची सवय त्यांना कोणी लावलेली नसते. या दोघांना एका तालुक्यातील सड्यावर एका हंगामासाठी एकत्र बसवले तर त्या सड्याचे दप्तर तयार होईल. खर्च फार नाही. ओळख पटवण्यासाठी पुण्यात १९५५पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचा वनस्पतिसंग्रह आहे, मुंबईस सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रह आहे.

रानात जाताना काही पथ्ये पाळावीत. संरक्षित पठारावर फूल तोडू नये, आखलेली वाट सोडू नये आणि झाडाजवळ बसायला जागा करण्यासाठी शेजारचे गवत तुडवू नये. छेद पाहण्यासाठी गळून पडलेले फूल पुष्कळदा पुरते. जागेवर पेन्सिलीचा आराखडा, मापे आणि रंगाचे ठिपके करून आणावेत आणि उरलेले काम घरी खिडकीपाशी, उत्तरेकडून येणाऱ्या स्थिर उजेडात करावे.

चित्र पुरे झाल्यावर कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहावे : गाव, तालुका, जिल्हा, समुद्रसपाटीपासूनची उंची, जमीन जांभ्याची की काळ्या खडकाची, तारीख, वनस्पतीचे स्थानिक नाव आणि ते कोणी सांगितले, शास्त्रीय ओळख कोणी पटवली. त्याच्याच खाली, स्वच्छ अक्षरात, चित्र काढणाराचे पूर्ण नाव.